दोन नंबरचा गुरुवार

आमच्या खोलीत काय मेलं ते कधी दिसत नसे, आणि काय वाचलं तेही दिसत नसे. तरी सत्तावीस वर्षं मी मारण्याचंच काम केलं. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस घरी आले, तेव्हा त्यांच्या मनात रुग्णसेवेवर चार गोड शब्द असावेत. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, की मी आजाऱ्याच्या कपाळावरून हात फिरवणारी सिस्टर नव्हते. ग्वाल्हेरच्या एका लहानशा रुग्णालयात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करण्याची खोली माझ्या ताब्यात होती. आमचे खापरपणजोबा फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आले. घराण्याचा मारण्याचा धंदा मी पुढे चालवला, असं माझे वडील चेष्टेने म्हणत.

खोलीला खिडकी नव्हती. मे महिन्यात बाहेर लू चालते तेव्हा माणसं घरात पळतात. आमच्याकडे आतून बाहेर लूमध्ये आलं की बरं वाटायचं. मध्ये एक मोठा ऑटोक्लेव्ह. म्हणजे प्रेशर कुकरच, फक्त माणूस आत बसेल एवढा. कात्र्या, चिमटे, कापडाच्या गुंडाळ्या आत ठेवायच्या, दार आवळायचं, वाफ सोडायची. एकशेएकवीस अंश. नुसतं पाणी उकळून काम भागत नाही, कारण काही जंतू संकट आलं की स्वतःभोवती कवच करून झोपून जातात. शंभर अंशाच्या पाण्यात ते आरामात झोपा काढतात, आणि थंड झालं की उठतात. हे मला पहिल्यांदा शिकवलं त्या दिवशी घरी येऊन मी दुधाच्या भांड्याकडे बराच वेळ बघत बसले होते.

मग मेलं हे कळणार कसं? गुंडाळीवरच्या पट्टीवर वाफेने काळ्या रेघा उठतात. लोकांना वाटतं, रेघ आली की झालं. रेघ एवढंच सांगते की पट्टीला ताप लागला. गुंडाळीच्या पोटात काय झालं ते तिला ठाऊक नसतं. म्हणून आठवड्यातून एकदा आम्ही कुपी ठेवायचो. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी, तिच्यात ते कवचवाले जंतू जिवंत. त्यांना सामानाच्या अगदी मधोमध ठेवून वाफ द्यायची आणि नंतर ऊबदार पेटीत ठेवून वाट बघायची. कुपी जांभळी राहिली तर सगळे मेले. पिवळी झाली तर आत कुणीतरी उठलं. त्या पेटीचं झाकण उघडताना इतक्या वर्षांनंतरही माझा हात जरा थांबायचा.

गिऱ्हाइकंही एकेक. कोरोनाच्या दिवसांत फूलबागेकडून एक काका पिशवीभर घरचे देव घेऊन आले होते, "जरा भाप दे दो सिस्टर, पुजारी को खांसी थी." पितळेच्या देवांना काही झालं नसतं, पण मी नाही म्हटलं. एका सर्जनला स्वतःच्या कात्रीशिवाय दुसरी चालत नसे आणि तिला मी सोडून कुणी धुतलेलं आवडत नसे. मला याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. माझ्या खोलीतून गेलेल्या वस्तूवर कुणी शंका घेतली तर मी अंगावर धावून जात असे.

माझ्या हाताखाली पुराणिक होते. वयाने माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना पुराणिकजी म्हणायची. घराणं भिक्षुकीचं, सकाळी बाड्याच्या चौकामागच्या गल्लीतल्या घरची पूजा, दोन-तीन ठिकाणचे देव, मग आमच्याकडे ड्यूटी. गुंडाळ्या बांधायचं काम त्यांचं. असा माणूस मला पुन्हा मिळाला नाही. हात धुतल्यावर कशाला शिवायचं नाही, हे नव्या पोरींना शिकवता शिकवता माझा घसा बसायचा. पुराणिकांना शिकवावं लागलं नाही. सोवळ्यात वाढलेला माणूस; धुतलेले हात छातीशी धरून, कोपराने दार ढकलत ते यायचे. फक्त एक गोष्ट मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितली होती. त्यांच्या घरी ओलं कापड म्हणजे सोवळं. आमच्याकडे उलटं. वाफेतून निघालेली गुंडाळी कोरडीच हवी. ओल्या कापडातून जंतू सरळ आत चालत जातात. "ओलं म्हणजे बाटलं, पुराणिकजी," मी म्हणायची. ते हसून मान हलवायचे.

आमच्याकडे ऑपरेशनच्या खोल्या दोन. एक नंबर रोज चाले आणि गुरुवारी धुण्यासाठी बंद असे. दोन नंबर फक्त गुरुवारी उघडायची, कारण त्या दिवशी बाहेरगावचे सर्जन यायचे. सहा दिवस कुलूप, एक दिवस काम.

माझ्या शेवटच्या वर्षात, उन्हाळ्यात, दोन नंबरमधली पहिली जखम चिघळली. अशी एखादी होते. पुढच्या गुरुवारची दुसरी. मग तिसरी. तीनही वेळा तेच: तीन दिवस सगळं ठीक, चौथ्या दिवशी पट्टी सोडली की कापसावर हिरवट निळा डाग. मोराच्या मानेवर असतो तसा रंग. आणि वास. सडल्याचा वास आम्हा लोकांना नवा नसतो, पण हा गोड होता. पिकून ओघळलेल्या द्राक्षांचा. ड्रेसिंगच्या खोलीत तो इतका भरून राहायचा की बाहेरचे विचारत, कुणी फळं आणलीत का.

एक नंबरच्या जखमा स्वच्छ भरत होत्या. वाफ तीच, हत्यारं तीच, माणसं तीच. कुप्या सगळ्या जांभळ्या. मशीनच्या तापमानाचा कागद बघितला, पट्ट्या बघितल्या, सगळं बरोबर. दोन नंबर आम्ही फॉर्मलिनच्या धुराने भरून, दाराच्या फटींना चिकटपट्ट्या लावून एक दिवस बंद ठेवली. उघडल्यावर डोळ्यांतून पाणी काढणारा तो धूर. त्यात माशीसुद्धा जगत नाही. पुढच्या गुरुवारी चौथी जखम.

मग कुजबुज सुरू झाली. झाडूवाली दोन नंबरमध्ये एकटी जाईना. "उस में कोई रहता है, दीदी. छह दिन सोता है." मी तिला झापलं. पण बुधवारी भर दुपारी तयारीसाठी कुलूप काढलं की मीही उंबऱ्यात थांबू लागले. टेबल, दिवा, ट्रॉली, सगळं मी ठेवलं तसंच. एकदा मला तो वास आला, अगदी पुसट. भास असेल म्हणून मी आत गेले, नेहमीची कामं केली आणि लवकर बाहेर आले. जंतू मला माहीत होते, त्यांची मला भीती नव्हती. पण मी मारलेलं मरत नव्हतं, आणि ते फक्त गुरुवारी येत होतं, याने माझी झोप उडाली.

पाचव्या गुरुवारी सकाळी मी दोन नंबरच्या कपाटातल्या, मागच्या वेळी उरलेल्या गुंडाळ्या एकेक करून उजेडात धरल्या. कापडावर वाटाण्याएवढे गोल डाग होते, वाळलेल्या थेंबांचे. एक नाही, प्रत्येक गुंडाळीवर दोन-तीन. मी कपाटाच्या आडोशाला उभी राहिले. थोड्या वेळाने पुराणिक आले, खिशातून छोटी बाटली काढली, तुळशीच्या पानाने गुंडाळ्यांवर पाणी शिंपडलं आणि डोळे मिटून हात जोडले.

"पुराणिकजी!"

ते दचकले, पण लपवाछपवी केली नाही. "दत्ताचं तीर्थ आहे, सिस्टर. दर गुरुवारी आणतो. इतके दिवस झाले आणून राहिलो. मनात येतं, बिचारे लोक टेबलवर झोपतात, बेहोश असतात, कुणी नाही त्यांचं तिथे."

"मी तुम्हाला ओल्याबद्दल काय सांगितलं होतं?"

"पण हे तीर्थ आहे. तीर्थाने कसं बाटेल?"

मला इतका राग आला आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. गुरुवारचं पाणी, गुरुवारच्या जखमा. भूत सापडलं. त्या दिवशीची ऑपरेशनं रद्द करवून बाटली मी प्रयोगशाळेत पाठवली. दोन दिवसांनी चिठ्ठी आली: जंतूंची वाढ आढळली. मी ती चिठ्ठी लावून रिपोर्ट लिहिला, माझ्या सहीने. इन-चार्ज म्हणून तो मीच लिहायचा असतो. पुराणिकांना काढलं. निवृत्तीला त्यांना दोन वर्षं उरली होती.

जायच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. "सिस्टर, त्या चार जणांना माझ्यामुळे झालं?"

"हो," मी म्हटलं. "वाईट वाटून घेऊ नका, पण हो."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि ते गेले.

पुढचे दोन गुरुवार सर्जन रजेवर होते. ऑपरेशन नाही, जखम नाही. सगळे म्हणाले, बघा, पीडा टळली. तिसऱ्या गुरुवारी रामकलीचं ऑपरेशन झालं. मुरार भागातली, पित्ताशयात खडे, पदरात पाच महिन्यांचं मूल. गुंडाळ्या मी स्वतः बांधल्या होत्या, स्वतः तपासून, कोरड्या ठणठणीत. चौथ्या दिवशी मी वॉर्डात गेले तर ती पडल्या पडल्या पदराने नाक झाकून होती.

"सिस्टर, मेरे में से ये महक क्यों आ रही है? बच्चा पास नहीं आता."

पट्टी मी सोडली. हिरवं.  नवी पट्टी बांधून मी बाहेर आले.

पुढच्या गुरुवारी मी दोन नंबरच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसले. हात जोडून सर्जनना सांगितलं, मला काही काम देऊ नका, मला फक्त बघू द्या. सकाळपासून मी एवढंच केलं: रोग्याच्या शरीरात जे जाणार त्याला जे जे शिवतं ते बघायचं, आणि त्या शिवणाऱ्याला आणखी काय शिवतं ते बघायचं. हातमोजे. दोरा. कापूस. सुई. दोन तास काही दिसलं नाही. मग टेबलापाशी उभ्या सिस्टरने ट्रॉलीवरच्या बरणीतून लांब चिमटा उचलला.

हा चिमटा आमच्या लोकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. निर्जंतुक हत्यारं हाताने उचलायची नसतात. त्यासाठी एक लांब चिमटा असतो, तो जंतुनाशकाच्या बरणीत उभा बुडवून ठेवलेला असतो. बरणीतून काढायचा, हत्यार उचलायचं, परत बरणीत. सिस्टरने तो काढला आणि त्याच्या टोकावरून एक थेंब निर्जंतुक कापडावर पडला. कात्रीवर दुसरा.

मी त्या थेंबाकडे बघत राहिले. इतक्या आठवड्यांत आम्ही नळ तपासला, साबण तपासला, भिंती तपासल्या. बरणी कुणी तपासली नव्हती. विषाची बाटली कोण तपासतो? धूर करायच्या वेळी तर तिला काही होऊ नये म्हणून मीच ती उचलून बाहेर ठेवायची आणि धूर निवळला की परत आणून ठेवायची.

ते कापड आणि हत्यारं मी तिथल्या तिथे बदलायला लावली, आणि ऑपरेशन संपल्यावर बरणी मोरीपाशी नेऊन ओतली. वरचं पाणी स्वच्छ, दवाखान्याचा नेहमीचा वास. तळाशी कापसाची घडी. चिमट्याचं टोक काचेवर आपटून बोथट होऊ नये म्हणून कापूस घालायचा, हे मला माझ्या पहिल्या मेट्रनबाईंनी शिकवलं होतं आणि मी पुढे सगळ्यांना शिकवलं. मी ती घडी बोटाने उचलली. ती बुळबुळीत झाली होती, आतून हिरवट, आणि द्राक्षांचा वास माझ्या तोंडावर आला.

ते तिथे राहत होतं. मारायच्या औषधातच राहत होतं.

नंतर वाचलं, की हे औषध कापसाला चिकटून बसतं आणि पाण्यातलं बळ उतरत जातं. त्यातून ही हिरव्या डागाची जात ओलाव्यात कुठेही घर करते. एक नंबरची बरणी रोजच्या कामात सांडायची, रिकामी व्हायची, घासली जायची. दोन नंबरची वापरात कमी. पाणी कमी झालं की दर बुधवारी मी वरून नवीन औषध ओतायची. जुनं फेकायची नाही. काटकसरीची सवय. विरजण जसं आपण कधी संपू देत नाही, तसं मी ते वर्षभर जिवंत ठेवलं होतं. पुराणिकांनी त्या बरणीला कधी हातही लावला नव्हता. ते काम माझं होतं, दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नव्हता.

त्या दिवशी मी फाइलमधून तीर्थाची चिठ्ठी काढली. "वाढ आढळली" याच्या खाली आणखी एक ओळ होती. त्यात जंतूचं नाव होतं. विहिरीच्या, नदीच्या साध्या पाण्यात मिळतो तो. जखमांतला जंतू वेगळाच. चिठ्ठी माझ्या हातात होती तेव्हा मी एकच ओळ वाचली होती, कारण मला तेवढीच हवी होती.

मी डॉक्टरसाहेबांकडे गेले, आमचे प्रमुख. सगळं सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "जार बदल दो, सिस्टर. सब जार बदल दो. बाकी जो हुआ सो हुआ. पुराणिकने पानी तो डाला ही था ना? वो फाइल बंद है."

पाणी त्यांनी टाकलं होतं हे खरंच. तेवढ्या आधारावर मी गप्प बसले. सात महिन्यांनी माझी स्वेच्छानिवृत्ती होती, निरोप समारंभ व्हायचा होता, सत्तावीस वर्षांचं नाव होतं. मी घाबरले, याला दुसरा शब्द नाही. बरण्या गेल्या, कापूस गेला, कोरडे चिमटे आले, दर चार तासांनी बदलायचे. हिरवा डाग पुन्हा दिसला नाही. रामकली दुसरं ऑपरेशन होऊन दोन महिन्यांनी घरी गेली. जाताना माझ्या पाया पडली, तेव्हा मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी रुग्णालयाला पत्र लिहिलं, बरणीची सगळी हकीगत, चिठ्ठीतल्या दोन्ही ओळी, सही. उत्तर अजून नाही. त्याची नक्कल घेऊन मी पुराणिकांकडे गेले. सकाळचे दहा वाजले असतील.

दार सुनेने उघडलं. पुराणिक ओसरीवर एका कोपऱ्यात वेगळ्या चटईवर बसले होते. मला बघून उठले, नमस्कार केला, पण जवळ आले नाहीत. हात पंच्यात गुंडाळलेले. घरात उदबत्तीचा वास होता, पण पूजेची जागा रिकामी.

"घरचे देव काकांकडे दिले," सून हळूच म्हणाली. "बाबा आता पूजा नाही करत. बाहेरची पण सोडली. म्हणतात मेरे हाथ में कुछ है. नात आहे ना, मुन्नी, तिला घेत नाहीत, हात लावत नाहीत. दिवसभर बस..." तिने आतल्या मोरीकडे बघितलं.

मी चटईसमोर खालीच बसले. पत्र काढलं, पण वाचून दाखवलं नाही. तोंडानेच सांगितलं. बरणी, कापूस, दर बुधवारी मी ओतलेलं औषध, चिठ्ठीची दुसरी ओळ, आणि सात महिने मी का आले नाही ते. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, ते जमलं नाही.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या हाताने नाही?"

"नाही. माझ्या."

"तीर्थाने पण नाही?"

"नाही, पुराणिकजी. ओलं करायला नको होतं तुम्ही, पण त्या माणसांना जे झालं ते माझ्या बरणीतून झालं."

त्यांनी पंचा सोडवला. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, कातडी पांढरी फटक, सुरकुतलेली, जशी कपडे धुणाऱ्यांची होते. इतक्या धुतलेल्या हातांवर काहीही जगलं नसतं. मी माझ्या आयुष्यात इतके स्वच्छ हात पाहिले नाहीत आणि मला ते बघवेनात.

सून पाण्याचा पेला घेऊन आली. मी तिला थांबवलं. "पुराणिकजी," मी म्हटलं, "मला तुमच्या हातचं पाणी द्या."

 ते पहिल्यांदा थोडंसं हसले, लहान मुलासारखे. "देतो ना, सिस्टर. का नाही देणार? बसा तुम्ही. फक्त हात धुवून येतो."

ते आत गेले. नळ सुटल्याचा आवाज आला. मी भिंतीला टेकून बसले आणि वाट बघू लागले. सून माझ्याकडे बघेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मुन्नी दारातून डोकावून गेली. सुनेने ठेवलेला पेला चटईजवळ तसाच होता. आतून पाणी वाहत होतं, आणि हातावर हात घासल्याचा आवाज येत होता.